साहित्य आणि कृती : ‘घरगुती’ ह्या समीक्षासंज्ञेचा पुनर्विचार

१

मराठी समीक्षेत ‘घरगुती’ हे विशेषण दोन परस्परविरोधी कामे करीत आले आहे. एखाद्या लेखिकेच्या भाषेविषयी ते वापरले जाते तेव्हा ते गौरवाचे असते. भाषा घरगुती आहे म्हणजे ती अकृत्रिम आहे, तिला पंडिती वळण नाही, ती बोलण्याच्या ओघात आलेली आहे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. हेच विशेषण त्याच लेखिकेच्या अनुभवविश्वाला लावले की मात्र ते मर्यादा दाखवू लागते. अनुभव घरगुती आहे म्हणजे तो चार भिंतींतला, अरुंद, वैचारिक परिमाण नसलेला आहे, असे सुचविले जाते. एकाच ग्रंथाविषयीच्या विवेचनात ही दोन्ही विधाने शेजारी शेजारी नांदू शकतात आणि त्यांत काही विसंगती आहे असे सहसा कोणाला वाटत नाही.

वस्तुतः ही विधाने वरवर विरोधी दिसली तरी ती एकाच गृहीतकातून निघालेली आहेत. भाषेच्या साधेपणाचे कौतुक करताना तो साधेपणा निसर्गदत्त मानला जातो. तो कोणी घडविला आहे, त्यामागे निवड आणि नकार आहेत, ह्याचा विचार होत नाही. अनुभवाची मर्यादा सांगताना घरकाम ही विचारशून्य पुनरावृत्ती मानली जाते; त्यात निर्णय, प्रमाण, क्रम आणि सत्तासंबंध आहेत, ह्याचा विचार होत नाही. दोन्हीकडे नाकारले जाते ते एकच. स्वयंपाक, दळणकांडण, शिवणटिपण, परसातली झाडे, वाळवणे, घरातल्या माणसांची वाढप-उस्तवार ह्या कृत्यांना स्वतःची अशी विचारपद्धती असू शकते ही शक्यताच विचारात घेतली जात नाही.

अशा गृहकृत्यांकडे मराठी समीक्षेने स्थूलमानाने तीन प्रकारे पाहिले आहे. कधी ती वाङ्मयप्रकाराचा उगम म्हणून येतात, कधी कथानकाची पार्श्वभूमी म्हणून, तर कधी प्रतिमांचा साठा म्हणून. ह्या तिन्ही भूमिकांत कृत्य हे वाङ्मयाच्या अलीकडे राहते. वाङ्मय त्याला ओलांडून पुढे जाते. ज्या संहितांत घरकाम केंद्रस्थानी आहे त्यांचा अर्थ ह्या रीतीने लागत नाही. तेथे कृत्य हेच रचनेचे तत्त्व असते आणि सामाजिक प्रश्नाचा निकालही बहुधा तेथेच लागतो. ओवी, आत्मकथन आणि पाककृतीचे पुस्तक ह्या तीन भिन्न प्रकारांच्या आधारे हे प्रतिपादन तपासून पाहता येईल.

२

प्रारंभी समीक्षेच्या स्वतःच्या शब्दभांडाराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. पाककृतींच्या मराठी पुस्तकात पदार्थाच्या नावाखाली सामान्यतः दोन उपशीर्षके असतात : ‘साहित्य’ आणि ‘कृती’. समीक्षेच्या अभ्यासविषयाचे नाव ‘साहित्यकृती’ असे आहे. हा शब्दयोग आहे आणि शब्दयोगावरून काही सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु हे उदाहरण एकटे नाही. आस्वाद, अभिरुची, रस, परिपाक हे शब्द ताटावरून आणि चुलीवरून आलेले आहेत. कथेची वीण, भाषेचा पोत, कथासूत्र, गुंफण, ठिगळ हे शब्द मागावरून आणि सुईदोऱ्यातून आलेले आहेत. अनुभव ‘मुरलेला’ असावा अशी अपेक्षा करणारा समीक्षक लोणच्याच्या बरणीचाच शब्द वापरीत असतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपाकाचे प्रकार फळांच्या नावांनी सांगितले आहेत, त्यांत द्राक्ष, आंबा आणि नारळ आहेत, तसेच वांगे आणि काकडीही आहेत. ‘पाक’ ह्या शब्दात पिकणे आणि शिजणे हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत हेही येथे ध्यानात घ्यावे.

ह्या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण भरताचे. ‘नाट्यशास्त्रा’च्या सहाव्या अध्यायात रसनिष्पत्ती समजावून देताना भरताने भोजनाचा दृष्टान्त दिला आहे : नाना व्यंजनांनी संस्कारित झालेले अन्न खाणारे सुमनस पुरुष ज्याप्रमाणे रसांचा आस्वाद घेतात, त्याप्रमाणे प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतात. ह्या दृष्टान्तावर शतकानुशतके चर्चा झाली आहे. त्यातील एका बाबीकडे मात्र क्वचितच लक्ष गेले. दृष्टान्तात अन्न आहे, व्यंजने आहेत, खाणारे पुरुष आहेत. अन्न संस्कारित ‘झालेले’ आहे. ते कोणी केले हे वाक्यात नाही. शिजविणारा हात कर्मणी रचनेत लुप्त झाला आहे. रससिद्धान्त आस्वादकाचा सिद्धान्त म्हणून विकसित झाला ह्याचे कारण ह्या एका वाक्यात शोधणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि समीक्षेने स्वयंपाकघरातून शब्द घेतले आणि शब्द देणाऱ्या कृत्याला दाराबाहेर ठेवले, ह्या व्यवहाराचा तो फार जुना नमुना आहे, असे म्हणता येईल.

३

ओवीच्या बाबतीत हा व्यवहार अधिक स्पष्ट दिसतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. (ह्याच ग्रंथात राजाच्या भोजनाचे आणि पाकक्रियांचेही सविस्तर वर्णन आहे, हा योगायोग उद्बोधक आहे.) मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतून हा उल्लेख ओवीच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून येतो आणि विवेचन लगेच ग्रंथस्थ ओवीकडे, ‘ज्ञानेश्वरी’कडे वळते. कंठस्थ ओवीला उगमाचे स्थान मिळते. पण उगमाविषयी आदर व्यक्त करून प्रवाहाबरोबर पुढे जायचे असते. ओवीचा घाट दळण्याकांडण्याच्या कृत्याशी कसा बांधलेला आहे हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

जात्याची रचना लक्षात घेतली तर हा प्रश्न वाङ्मयीन आहे हे कळून येते. दळण पहाटेचे. खालची तळी स्थिर, वरची फिरती. खुंट्याला बहुधा समोरासमोर बसलेल्या दोघींचे हात. मुठीने दाणे वैरायचे, ते पिठाच्या रूपाने कडेने पाळीत उतरेपर्यंत फेरे घालायचे आणि पुन्हा वैरायचे. ह्या कृत्यात एक लहान, पूर्ण होणारे आवर्तन आहे आणि अशा आवर्तनांची न संपणारी मालिका आहे. ओवीची बांधणी नेमकी अशीच आहे. प्रत्येक ओवी अर्थाने स्वयंपूर्ण असते आणि तरीही ती पुढच्या ओवीला जागा करून देते. ‘ओवी’ हा शब्द ‘ओवणे’ ह्या क्रियापदाशी जोडला जातो तो ह्याच कारणाने. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरी, सीता, घरधनी हे विषय एकामागून एक येतात. त्यांच्यात कथानकाचा कार्यकारणभाव नसतो. केवळ कथात्म एकात्मतेची कसोटी लावणाऱ्या वाचकाला ही रचना विस्कळीत वाटते. पण ती विस्कळीत नाही. तिची एकात्मता फेऱ्याची आहे.

जनाबाईच्या दळणकांडणाच्या अभंगांचे वाचनही ह्या दृष्टीने बदलते. विठ्ठल येऊन जनीला दळू लागतो हा प्रसंग भक्तीचा महिमा म्हणून वाचण्याची रीत आहे. नामदेवाच्या घरची दासी असलेल्या जनीच्या जात्याला समोरचा दुसरा हात नाही, ही वस्तुस्थिती त्या वाचनात हरवते. विठ्ठल जेथे बसतो ती जागा सोबतिणीची आहे. देव मोठा कशामुळे ठरतो, ह्याचे जनाबाईचे उत्तर श्रमाच्या वाटणीत आहे आणि ते जाते कसे फिरते हे जाणल्याखेरीज कळत नाही.

विसाव्या शतकात साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’, सरोजिनी बाबर ह्यांचे लोकसाहित्याचे संकलन आणि पुढे गी पॉइटव्हॅं व हेमा राईरकर ह्यांनी पुण्याहून उभे केलेले जात्यावरच्या ओव्यांचे प्रचंड संग्रहकार्य ह्यांमुळे कंठस्थ ओवी लेखनात आली. राईरकर-पॉइटव्हॅं संग्रहातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे आणि २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्या क्रमाक्रमाने लोकांसमोर आणल्या आहेत. हे कार्य घडत असतानाच पिठाच्या गिरण्यांनी जाते कोपऱ्यात ढकलले होते. म्हणजे कृत्य संपत आले तेव्हा गाणे जतन करण्याजोगे ठरले. गिरणीने बाईच्या खांद्यावरचे एक जड काम उतरविले, ह्याविषयी खंत करण्याचे कारण नाही. परंतु कागदावर उतरलेली ओवी वाचताना तिच्यातील पुनरुक्ती ही उणीव नसून ती फेऱ्याची खूण आहे, ह्याची जाण वाचकाला वेगळी करून द्यावी लागते, हेही तितकेच खरे.

इंदिरा संत (१९१४-२०००) ह्यांच्यासारख्या छापील परंपरेतल्या आधुनिक कवयित्रीने उत्तरायुष्यात ओवीकडे वळून ‘मालनगाथा’ सिद्ध करावी, ही घटना ह्या संदर्भात महत्त्वाची आहे. त्यांच्या कवितेचे वर्गीकरण प्रेमकविता आणि निसर्गकविता असे केले जाते. त्यांतील ‘निसर्ग’ हा शब्द थोडा तपासावा लागतो. ओवीतला आणि त्या वळणाच्या कवितेतला निसर्ग पुष्कळदा अंगणापरसाचा असतो. तुळस अंगणात असते आणि तिला पाणी घालण्याची वेळ ठरलेली असते. मोरीचे सांडपाणी जेथे जिरते तेथे अळू आणि केळ लावलेली असते. जाईजुईचा वेल ज्याच्या-त्याच्या कुंपणावर चढलेला असतो. येथे झाड पाहिले जात नाही, त्याचे केले जाते. पाहणाऱ्याचा निसर्ग आणि करणारीचा निसर्ग ह्यांत फरक आहे. ‘निसर्गकविता’ ही संज्ञा पहिल्यावरून घडलेली असल्यामुळे दुसऱ्याला ती पुरी पडत नाही.

बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) ह्यांच्या कवितेविषयीही असेच म्हणावे लागते. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाल्यापासून एका निरक्षर शेतकरी स्त्रीच्या ‘तत्त्वज्ञाना’विषयी आश्चर्य व्यक्त होत आले आहे. तवा, चूल, घरोट, सुगरणीचा खोपा ह्या वस्तू त्या तत्त्वज्ञानाची रूपके आहेत असे मानले जाते. पण संसारावरच्या त्यांच्या सुप्रसिद्ध कवितेत चटका आणि भाकर ह्यांचा जो संबंध येतो, तो साम्याचा नाही, क्रमाचा आहे. आधी काय होते आणि मग काय हाती येते, हे तव्यापाशी बसलेल्या हाताला ठाऊक असते. रूपक एका वस्तूवरून दुसरीकडे जाते. कृत्य पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाते. बहिणाबाईंचा विचार पायऱ्यांनी चालतो. तो तत्त्वज्ञानाचे सोपे रूप नसून विचार करण्याची वेगळी रीत आहे.

४

लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) ह्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. ‘घरगुती’ हे विशेषण ह्या ग्रंथाला जितके चिकटले आहे तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या मराठी ग्रंथाला चिकटले असेल. त्यातील विनोद, ओघ आणि मनमोकळेपणा ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. एका ब्राह्मण कुटुंबाच्या धर्मांतराची ही कहाणी असल्यामुळे तिला सामाजिक दस्तऐवजाचे मोलही मिळाले. ह्या दोन वाचनांचा सांधा मात्र जुळलेला नाही. विनोद घरगुती आणि आशय सामाजिक, अशी विभागणी राहून गेली.

ग्रंथाच्या प्रारंभीच लेखिकेच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीनंतर लेखिकेच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांच्या अंगात सोवळे शिरले, असा संबंध लेखिका जोडते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली जाणे, स्पर्शाचा धसका, त्यापायी आईचे आणि मुलांचे झालेले हाल हे सारे ती हसत सांगते. ह्या प्रकरणाकडे विक्षिप्तपणाचे मजेदार चित्र म्हणून पाहिले तर पुढच्या ग्रंथाशी त्याचा धागा उरत नाही. पण नीट पाहिले तर येथे एका राजकीय आघाताची नोंद स्वयंपाकघरात झालेली आहे. ज्या सत्तेपुढे काही चालत नाही तिच्या भयाची वाट धान्य धुण्याकडे वळली आहे. आणि ते भय निस्तरण्याचे श्रम पुरुषाच्या वाट्याला न येता घरातल्या बाईच्या वाट्याला आले आहेत. हा कार्यकारणसंबंध लेखिकेने भाष्य करून सांगितलेला नाही. गोष्टींचा क्रम लावून दाखविला आहे.

पुढे १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले. ह्या घटनेचे टिळकांच्या बाजूचे रूप चिंतनाचे आहे : वाचन, चर्चा, साक्षात्कार, निर्णय. लक्ष्मीबाईंच्या बाजूने तीच घटना निराळ्या मार्गाने घडते. पतीकडे परतल्यावरही त्यांनी काही काळ आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी राखली. एका कुटुंबात दोन धर्म नांदायचे म्हणजे काय, ह्या प्रश्नाला तेथे अगदी काटेकोर उत्तरे द्यावी लागतात. पाणी कोणी भरायचे, कोणत्या भांड्याला कोणी शिवायचे, मुलाने कोठे जेवायचे ह्यांतील प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते आणि रोज नव्याने पाळावी लागते. जातिभेद माणसाने केला आहे ही जाण त्यांना होते ती ह्याच वाटेने. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे प्यावे, ह्या प्रश्नाशी झगडताना त्या विचार करतात, निष्कर्षाला येतात आणि तो निष्कर्ष खाण्यापिण्याच्या कृतीने अमलात आणतात. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ग्रंथाच्या अंतर्गत न्यायाने पाहता निर्णायक क्षण बाप्तिस्म्याचा नसून त्यापूर्वीच्या घोटाचा आहे.

हा फरक पुरेसा ध्यानात न आल्यामुळे ‘स्मृतिचित्रे’तील विचार हा टिळकांचा आणि जिव्हाळा लक्ष्मीबाईंचा, अशी सोयीची वाटणी रूढ झाली. प्रत्यक्षात जातीविषयीचा युक्तिवाद लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आहे. तो केवळ प्रबंधाच्या भाषेत मांडलेला नाही. जातिव्यवस्था ज्या ठिकाणी रोज नव्याने घडविली जाते त्या ठिकाणी, म्हणजे माठापाशी आणि चुलीपाशी, तो उभा आहे. अन्नव्यवहार आणि विवाह हे जातीचे दोन आधार होत, असे समाजशास्त्र सांगते. त्यांपैकी पहिल्याचा प्रत्यक्ष कारभार ज्यांच्या हाती होता त्या स्त्रियांच्या लेखनाला सामाजिक परिमाण नाही असे म्हणणे मग कठीण होते.

रमाबाई रानडे ह्यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’शी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून जो वाद पेटला, त्याची परिणती रानड्यांच्या प्रायश्चित्तात झाली. सार्वजनिक इतिहासात तो सुधारक आणि सनातनी ह्यांच्यातील वाद आहे. रमाबाईंच्या कथनात तो नात्यागोत्याच्या, घरातल्या शांततेच्या आणि पतीच्या प्रतिष्ठेच्या चिंतेने व्यापलेला आहे. तसेच त्यांच्या शिक्षणाची कहाणी ही घरातल्या वेळेची कहाणी आहे. दिवस घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या नजरेखाली, धडा रात्री. इंग्रजी शिकण्याला झालेला विरोध हा तत्त्वाचा विरोध म्हणून मांडला जातो. पुस्तकात तो टोमणे, अबोला आणि मोडलेली घडी ह्या रूपांनी येतो. लक्ष्मीबाई ही घडी मोडून नवी घालतात, रमाबाई ती सांभाळीत मार्ग काढतात. दोन्ही ग्रंथांतील वैचारिक भेद शोधायचा तर तो विधानांपेक्षा घर चालविण्याच्या ह्या दोन रीतींत अधिक नेमका सापडतो.

५

आत्मकथनाला साहित्यात स्थान आहे. पाककृतीच्या पुस्तकाला ते नाही. तरीही ‘साहित्य’ आणि ‘कृती’ ह्या शब्दांचा जो अर्थ येथे अभिप्रेत आहे, तो ह्या पुस्तकांना वगळून पुरा होत नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या छापील पाकग्रंथांपैकी एक असलेला हा ग्रंथ एका पुरुषाने लिहावा आणि त्याला ‘शास्त्र’ म्हणावे, हे बोलके आहे. त्यानंतर जवळजवळ शतकाने, १९७० साली, कमलाबाई ओगले ह्यांचे ‘रुचिरा’ आले. त्याच्या लोकप्रियतेमुळे त्यांना ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हटले जाऊ लागले. हे बिरुद गमतीचे असले तरी पुस्तकाचे सामाजिक कार्य त्यात अचूक पकडले गेले आहे. सासू आणि आई ह्यांच्यापासून दूर शहरात बिऱ्हाड मांडलेली, विभक्त कुटुंबातली, गॅसच्या शेगडीपुढे उभी असलेली तरुण स्त्री ही त्याची वाचक होती. जे ज्ञान शेजारी उभे राहून, पाहून आणि बोलणी खाऊन मिळत असे, ते आता पुस्तकातून मिळणार होते.

ह्या स्थित्यंतरात ‘रुचिरा’ने केलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाटी आणि चमचा ही मापे. ‘अंदाजाने’ हा पिढीजात शब्द त्यामुळे मागे सरला. पण वाटी हे प्रमाणित माप नव्हे. घरोघरची वाटी वेगळी. एक वाटी रव्याला अमुक वाट्या पाणी असे सांगितले की वाटी लहान असो वा मोठी, पदार्थ साधतो, कारण सांगितले जाते ते परिमाण नसून गुणोत्तर असते. घरातल्या ज्ञानाचे हे सूत्ररूप आहे. ते प्रत्येक घराला आपापल्या भांड्याने मोजू देते आणि तरीही सर्वत्र लागू पडते. स्वयंपाकाच्या ज्ञानाला अमूर्तीकरण जमत नाही, ह्या समजाला ही वाटी पुरेसे उत्तर आहे.

ह्या गद्याचे व्याकरणही अभ्यासनीय आहे. चिरावे, परतावे, मंद आचेवर ठेवावे, खाली उतरवावे अशा विध्यर्थी क्रियापदांची मालिका हे मराठी पाककृतीचे रूढ वळण आहे. त्यात कर्ता नसतो. भरताच्या दृष्टान्तातील लुप्त हात येथे, करणारीने करणारीसाठी लिहिलेल्या पुस्तकातही, लुप्तच राहतो. कर्त्याच्या ह्या अभावामुळे कोणीही ती कृती आपली करू शकते, हा त्याचा लाभ. परंतु जो कर्ता दिसत नाही तो सर्वसामान्य आहे असा आभास त्यातून निर्माण होतो, ही त्याची दुसरी बाजू. ‘साहित्य’ ह्या शीर्षकाखाली तूप, दूध, खोबरे, काजू, गूळ ह्यांची यादी येते तेव्हा ते घरात आहेच असे गृहीत असते. कोणाच्या घरात, हा प्रश्न विध्यर्थी वाक्यात विचारता येत नाही.

तो प्रश्न शाहू पाटोळे ह्यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) ह्या पुस्तकाने विचारला. मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यव्यवहाराची ही नोंद आहे. भोजनापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या श्लोकातील अन्नाच्या पूर्णत्वाला शीर्षकातच छेद दिलेला आहे. वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ती अशा पदार्थांच्या कृती येथे येतात, पण त्या रूढ साच्यात बसत नाहीत. साहित्य बाजारातून आणलेले नसते. वाट्याला आलेले असते. गावगाड्यात कोणाच्या वाट्याला जनावराचा कोणता भाग आला, कोणाच्या दारचे उरलेले कोणी उचलले, हे सांगितल्याखेरीज कृती सांगताच येत नाही. त्यामुळे लुप्त कर्ता वाक्यात परत येतो आणि पाककृतीचे पुस्तक आपोआप समाजेतिहास होते. ‘रुचिरा’ आणि हे पुस्तक ह्यांना शेजारी ठेवून वाचले की ‘मराठी घर’ ह्या कल्पनेची जातीय सीमा डोळ्यांपुढे उभी राहते. एकाला खोटे आणि दुसऱ्याला खरे ठरविण्याची आवश्यकता नाही. दोघांतील ‘साहित्य’ ह्या शब्दाचा अर्थ मात्र एक नाही.

ऊर्मिला पवार ह्यांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये हाच प्रश्न विणकामाच्या अंगाने येतो. आयदाने म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या टोपल्या, सुपे. लेखिकेची आई ती विणून विकत असे, आणि आपल्या लेखनाची वीण तिच्या विणीशी नाते सांगणारी आहे असे लेखिकेने नोंदविले आहे. समीक्षेतील ‘वीण’ हा शब्द येथे आपल्या मूळ मालकिणीकडे परत गेला आहे. ‘घट्ट वीण’ हा समीक्षेत निव्वळ प्रशंसेचा शब्द आहे. आयदानाची वीण घट्ट असते तिचे कारण टोपली विकायची असते आणि त्या पैशांवर मुलांचे जेवण अवलंबून असते. सौंदर्य आणि निकड ह्यांची येथे फारकत होत नाही. विस्कळीत लेखनाला ‘गोधडी’ म्हणणाऱ्यांनीही गोधडी शिवताना पाहिलेली नसावी. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे आत घातलेले थर वरून दिसत नाहीत, पण ऊब त्यांचीच असते. आणि कडेपासून कडेपर्यंत जाणारा धावदोरा प्रत्येक थरातून गेलेला असतो. तुकड्यांची निवड वापरून मऊ झालेल्या कापडातून होते. ती ऐनवेळची जुळवाजुळव नसते.

६

ह्या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. गृहकृत्यांना विचारपद्धतीचे मोल देणे म्हणजे ज्या कष्टांनी पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांना जखडून ठेवले त्यांचेच उदात्तीकरण करणे नव्हे काय? १९७५ नंतर मराठीत जी स्त्रीवादी दृष्टी रुजली तिने घर हे शोषणाचे स्थान म्हणून दाखवून दिले, आणि ते आवश्यकच होते. अन्नपूर्णेच्या प्रतिमेखाली झाकलेला शीण त्यामुळे उघडा झाला. आता पुन्हा चुलीचे गुणगान आरंभिले तर ते प्रतिगामी ठरेल.

आक्षेप योग्य आहे, परंतु तो गुणगानाला लागू पडतो, वाचनाला नव्हे. घरकाम लादलेले आहे, ह्यावरून ते विचारशून्य आहे असे सिद्ध होत नाही. उलट, लादलेल्या कामातही ज्यांनी प्रमाण, क्रम आणि आकार निर्माण केला त्यांच्या बुद्धीची दखल न घेणे हा त्या शोषणाचाच पुढचा भाग होय. जनाबाईच्या जात्यापुढची रिकामी जागा, लक्ष्मीबाईंच्या आईने निस्तरलेले सोवळे, ‘आयदान’मधील आईची न थांबणारी बोटे ही उदाहरणे श्रम आणि कौशल्य ह्यांना एकमेकांपासून तोडत नाहीत. समीक्षा मात्र तोडते. एक पक्ष कौशल्य पाहून भारावतो आणि श्रम विसरतो. दुसरा श्रम पाहून संतापतो आणि कौशल्य विसरतो. संहितेला दोन्ही अभिप्रेत असतात.

म्हणून ‘घरगुती’ ही संज्ञा टाकून द्यावी असे नाही. ती विशेषण म्हणून न वापरता प्रश्न म्हणून वापरावी. एखाद्या संहितेत घरकाम येते तेव्हा ते कोणाच्या हाताने होते आणि वाक्याच्या रचनेत तो हात दिसतो की लपतो? त्या कामाचा क्रम कथनाच्या क्रमाला कोठे वळण देतो? त्यासाठी लागणारे साहित्य घरात आहेच असे संहिता धरून चालते, की ते कोठून आले हेही सांगते? हे तीन प्रश्न विचारले तर ओवी, आत्मकथन, पाककृती आणि कादंबरी ह्यांच्यामधील प्रतिष्ठेची उतरंड आपोआप सैल होईल.

पदव्युत्तर वर्गात ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना सोवळे, ओवळे, वैरणे, परस हे शब्द तळटीपेत समजावून द्यावे लागण्याचा काळ आला आहे. जाते आणि चूल पुष्कळ घरांतून गेली आणि त्यांच्याबरोबर काही शब्दही गेले. तळटीप वस्तूचे नाव सांगू शकते. त्या वस्तूभोवती जो विचार घडला तो सांगू शकत नाही. तो सांगणे समीक्षेकडे येते. त्यासाठी तिला आपल्या आस्वादाच्या सिद्धान्तात आजवर केवळ ताटापाशी बसलेल्या वाचकाला दिलेली जागा, शिजविणाऱ्या हातालाही द्यावी लागेल.